आतून माप घेताना

शाफ्टचा व्यास मोजणे सोपे. मायक्रोमीटरच्या दोन तोंडांत शाफ्ट धरायचा, रॅचेट दोन-तीनदा कटकट वाजवायचे, की माप समोर. भोकाचे तसे नाही. भोकात जागा अपुरी, उजेड कमी आणि ज्या दोन बिंदूंमधले अंतर हवे ते नेमके कुठे आहेत, हेच दिसत नाही. घराच्या गॅरेजमध्ये किंवा दुकानाच्या मागच्या खोलीत बटाल्याची, नाही तर राजकोटची छोटी लेथ टाकून बसलेला हौशी कारागीर शाफ्ट एका शतांशात आणतो. त्याच शाफ्टचा बुश मात्र एक तर ठोकून बसवावा लागतो, नाही तर हातात खुळखुळतो. यात कसबाचा दोष थोडा आणि मोजण्याच्या रीतीचा जास्त.

एक नेहमीचे काम घेऊ. ऐन मे महिन्यात घरातला पाण्याचा पंप घरघरू लागतो. उघडून पाहावे तर बेअरिंग गेलेले. त्याहून वाईट म्हणजे मोटरच्या कव्हरमधले जे हाउसिंग, त्यात बेअरिंगची बाहेरची रिंग फिरून फिरून ते झिजून मोठे झालेले. गल्लीतला रिवाइंडिंगवाला यावर एक जुना इलाज करतो. सेंटर पंचाने हाउसिंगच्या आतून सगळीकडे ठिपके मारून देतो. ठिपक्याभोवतीचा धातू वर उचलला जातो, बेअरिंग घट्ट बसल्यासारखे वाटते आणि उन्हाळा कसाबसा निघतो. मग ते उचललेले कंगोरे दबले, की पुन्हा घरघर. खरी दुरुस्ती वेगळी. कव्हर लेथवर धरून हाउसिंग मोठे करायचे, त्यात स्लीव्ह दाबून बसवायची आणि ती स्लीव्ह आतून बेअरिंगच्या मापाला बोअर करायची.

बेअरिंगचे माप किती? ६२०२ नंबरचे बेअरिंग घरगुती मोटरींमध्ये सर्रास सापडते. आतला व्यास १५, बाहेरचा ३५ आणि रुंदी ११ मिलिमीटर. साध्या दर्जाच्या बेअरिंगची बाहेरची रिंग ३५.००० ते ३४.९८९ मिलिमीटर यांच्या दरम्यान असते. तिच्यासाठी एच-७ या नेहमीच्या बसवणीचे हाउसिंग ३५.००० ते ३५.०२५ असावे लागते. म्हणजे कारागिराला मिळणारी खिडकी अवघी २५ मायक्रॉनची. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर केसाचा जेमतेम तिसरा हिस्सा. खिडकीच्या अलीकडे राहिले तर निदान आणखी एक कट घेता येतो. पलीकडे गेले, की स्लीव्ह फुकट. ती काढताना कव्हर तडकले आणि मोटर जुनी असली, तर तसले कव्हर बाजारात मिळेलच असे नाही. चाळीस-पन्नास रुपयांच्या लोखंडाच्या तुकड्यापायी मग अख्ख्या पंपाचा खर्च अंगावर येतो, आणि तोवर घरात बादल्यांनी पाणी.

जेम्स वॅटचीही हीच रड

ही अडचण यंत्रयुगाइतकीच जुनी आहे. जेम्स वॅटने वाफेच्या सुधारित इंजिनाचे पेटंट १७६९ साली घेतले, पण पुढे कितीतरी वर्षे त्याला ते नीट चालवून दाखवता येईना. कल्पना बिनचूक होती. सिलिंडर मात्र आतून गोल नव्हता. पिस्टनच्या कडेने वाफ निसटायची आणि ती अडवायला कापड, फेल्ट असे काय काय कोंबावे लागायचे. जॉन विल्किन्सन या इंग्रज लोखंडवाल्याने तोफा कोरण्याच्या नव्या पद्धतीचे पेटंट १७७४ साली घेतले होते. त्याने सिलिंडर कोरण्यासाठी दोन्ही टोकांना आधार दिलेल्या दांड्याचे यंत्र उभे केले, आणि मग वॅटचे इंजिन मार्गी लागले. ५० इंची, म्हणजे सव्वा मीटरहून रुंद सिलिंडरमध्ये चूक जुन्या शिलिंगच्या जाडीपेक्षा अधिक नाही, अशा शब्दांत वॅटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने समाधान व्यक्त केले होते. नाण्याच्या जाडीइतकी चूक तेव्हा पराक्रम ठरली. आज पंपाच्या साध्या कव्हरला तेवढी चूक असली, तर ते थेट भंगारात जाईल.

व्हर्नियर काय सांगतो आणि काय नाही

बहुतेक घरांत मोजण्याचे हत्यार एकच असते, व्हर्नियर. अलीकडे तो बॅटरीवर चालतो आणि पडद्यावर मिलिमीटरचा शतांश दाखवतो. शतांश दिसला म्हणजे शतांश मोजला गेला, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. १५० मिलिमीटरच्या चांगल्या डिजिटल व्हर्नियरचीही हमी दोन शतांश इकडे किंवा तिकडे एवढीच असते. दोन शतांश म्हणजे २० मायक्रॉन आणि आपली खिडकी २५ मायक्रॉनची. मोजणाराच इतका डुलत असेल, तर निकाल काय लागणार?

त्यात आतले माप घेणाऱ्या वरच्या छोट्या जबड्यांची एक खोड आहे. त्यांच्या धारा कितीही बारीक केल्या, तरी दोन्ही मिळून थोडी रुंदी उरतेच. गोल भोकात अशा रुंद धारा टेकल्या, की मोजला जातो तो व्यास नव्हे, तर त्याच्या शेजारची जीवा. जीवा व्यासापेक्षा नेहमी लहान. दोन्ही धारा आणि त्यांच्यातली फट मिळून अर्धा मिलिमीटर धरली, तर ५ मिलिमीटरच्या भोकात व्हर्नियर ४.९७५ दाखवील. भोक मोठे होत जाते तशी ही चूक घटते. ३५ मिलिमीटरला ती चार मायक्रॉनच्याही आत येते. पण बारीक भोकात ती घात करते.

मोठ्या भोकात दुसराच दोष पुढे येतो. व्हर्नियरची मोजपट्टी एका रेषेत आणि जबड्यांची टोके दुसऱ्या रेषेत असतात. अंगठ्याने थोडा जास्त दाब दिला, की सरकता जबडा किंचित तिरका होतो आणि पट्टीला त्याचा पत्ता नसतो. जर्मनीतल्या येना इथल्या अर्न्स्ट आबे यांनी १८९० साली हे तत्त्व मांडले, की मोजायची वस्तू आणि मोजपट्टी एकाच सरळ रेषेत हवी. मायक्रोमीटर ते पाळतो, व्हर्नियर पाळत नाही. म्हणून भोकासाठी व्हर्नियर जवळपास पोचेपर्यंत वापरावा. शेवटचे दोन-तीन दशांश राहिले, की तो डबीत ठेवून द्यावा.

आडवे मोठे, उभे लहान

कुठलेही हत्यार घेतले, तरी भोक मोजताना एक भूमिती डोक्यात पक्की लागते. स्वयंपाकघरातल्या गोल उभ्या डब्यात लाटणे आडवे धरून पाहावे. ते डब्याच्या बरोबर मधून गेले, तर सगळ्यांत लांब लाटणे मावते. जरा बाजूला सरकले, की आखूड लागते. पण तेच लाटणे वर-खाली तिरके केले, तर डब्याच्या तोंडापेक्षा लांब लाटणेही आत बसते. भोकाचेही असेच. आडव्या बाजूने हलवताना सगळ्यांत मोठे माप खरे आणि उभ्या बाजूने, म्हणजे भोकाच्या अक्षाच्या दिशेने डोलवताना सगळ्यांत लहान माप खरे. या दोन्ही अटी एकाच वेळी पाळल्या, तरच हाती आला तो व्यास.

टेलिस्कोपिक गेज हे काम बरेचसे आपोआप करते. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे हे हत्यार, आत स्प्रिंग आणि दांडीच्या टोकाला कुलपाचा स्क्रू. ते भोकात तिरके घालून सोडावे, स्क्रू जेमतेम आवळावा आणि दांडी एकदाच, अगदी एकदाच, उभी करून पलीकडे झुकवावी. जाता जाता भिंती त्या दोन टोकांना दाबून योग्य मापावर आणतात. दोनदा-तीनदा डोलवले, तर टोके जास्त दबतात. मग बाहेर काढून मायक्रोमीटरने मोजावे. मायक्रोमीटरही इथे कसून आवळायचा नसतो. दोन तोंडांमधून गेजची टोके सरकताना जो हलका अडथळा लागतो, तोच अडथळा दरवेळी लागला पाहिजे. असे पाच वेळा करावे आणि पाचही आकडे कागदावर लिहावेत. ते एका शतांशाच्या आत राहिले, तर हात बसला म्हणायचे. तीन शतांश पसरले, तर आवडीचा आकडा निवडून पुढे जाणे म्हणजे स्वतःलाच फसवणे.

जुने टर्नर हेच काम साध्या इनसाइड कॅलिपरने करीत. सूत आणि थाऊच्या भाषेत बोलणारी ती पिढी. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग आणि एक थाऊ म्हणजे हजारावा, आजच्या हिशेबात २५ मायक्रॉनहून किंचित जास्त. कॅलिपरच्या पायाला भिंत लागते आहे की नाही, हे बोटांच्या टोकांनी ओळखून ते थाऊचाही अंश सांगत. ही दंतकथा नव्हे. बोटांचा स्पर्श खरोखर तेवढा तीक्ष्ण असतो, मात्र त्याला वर्षानुवर्षांची सवय लागते.

यात एक सोय मात्र नवशिक्यालाही मिळते. भोकाचे माप आणि त्यात बसणाऱ्या वस्तूचे माप एकाच मायक्रोमीटरने घ्यावे. तो मायक्रोमीटर एखाद्या शतांशाने खोटे बोलत असला, तरी दोन्हीकडे सारखेच खोटे बोलतो आणि बसवणीत ते खोटे वजा होऊन जाते. बेअरिंगच्या डबीवरचा आकडा वाचून थांबू नये. बेअरिंगची बाहेरची रिंग त्याच मायक्रोमीटरने मोजावी आणि तो आकडा खडूने लेथच्या कव्हरवर लिहून ठेवावा.

काडी डुलते किती?

सगळ्यांत स्वस्त आणि तरीही खऱ्या अर्थाने अचूक रीत मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तिला लागते फक्त सहा मिलिमीटर जाडीची पोलादाची एक काडी. तिची दोन्ही टोके लेथवर गोलसर करायची आणि ऑइलस्टोनवर घासत घासत, मायक्रोमीटरने मोजत, लांबी बरोबर ३५.०० वर आणायची. टोकांची गोलाई भोकाच्या गोलाईपेक्षा जास्त वळणाची हवी, म्हणजे टोक एकाच बिंदूवर टेकते.

भोक काडीपेक्षा लहान असेल, तर काडी आडवी शिरणारच नाही. किंचित मोठे असेल, तर एक टोक भिंतीला बोटाने धरून ठेवल्यावर दुसरे टोक डावी-उजवीकडे डुलते. ते एका बाजूच्या स्पर्शापासून दुसऱ्या बाजूच्या स्पर्शापर्यंत किती डुलले, हे भोकाच्या तोंडावर स्टीलची पट्टी ठेवून पाहायचे. डुलण्याच्या आकड्याचा वर्ग करायचा आणि त्याला काडीच्या लांबीच्या आठपटीने भागायचे. येईल तेवढे भोक काडीपेक्षा मोठे.

३५ च्या काडीची आठपट २८०. काडी २ मिलिमीटर डुलली, तर वर्ग ४. ४ भागिले २८० म्हणजे ०.०१४. भोक ३५.०१४, पास. अडीच मिलिमीटर डुलली, तर ६.२५ भागिले २८०, म्हणजे ०.०२२, अजून पास. ३ मिलिमीटर डुलली, तर ९ भागिले २८०, म्हणजे ०.०३२, खिडकी ओलांडली. गंमत अशी, की डोळ्यांना सहज दिसणारा अर्धा मिलिमीटर इथे आठ-दहा मायक्रॉनचा फरक दाखवून देतो. साधी पट्टी आणि शाळेतली भूमिती मिळून महागड्या हत्याराचे काम करतात. पायथागोरसचा सिद्धांत वर्कशॉपमध्ये इतका उपयोगी पडेल, असे शाळेत कुणी सांगत नाही.

एकच पथ्य. काडी उघड्या बोटांनी फार वेळ धरू नये. ती हाताच्या उबेने दहा अंश तापली, तर चार मायक्रॉन लांब होते. मधोमध कापडाची पट्टी गुंडाळली, तरी पुरे.

बेअरिंगच झाले रिंग गेज

ज्याला असली कामे वारंवार करायची आहेत, त्याने बोअर डायल गेज घ्यायला हरकत नाही. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात ते नवे मिळते. जुन्या बाजारात मिळाले, तर सुई अडकत नाही ना, तेवढे पाहून घ्यावे. पण हे हत्यार स्वतः माप सांगत नाही. ते फक्त फरक सांगते. आधी कशावर तरी शून्य लावावे लागते. कारखान्यात त्यासाठी घासून तयार केलेली रिंग गेज असते आणि तिची किंमत घरच्या वर्कशॉपला पेलणारी नसते.

इथे बेअरिंगच मदतीला येते. ६२०७ नंबरच्या बेअरिंगचा आतला व्यास ३५ मिलिमीटर असतो आणि साध्या दर्जातही तो ३५.००० ते ३४.९८८ च्या बाहेर जात नाही. म्हणजे कोपऱ्यावरच्या बेअरिंगच्या दुकानातून आणलेली ही रिंग १२ मायक्रॉनच्या भरवशाची. आतले संरक्षक तेल पुसून, मधल्या भागात गेज डोलवून, सुई जिथून परत फिरते तिथे शून्य लावावे. मग स्लीव्ह मोजताना सुई शून्यापासून मोठ्या बाजूला १२ ते २५ मायक्रॉनच्या मध्ये परतली पाहिजे. रिंग तिच्या मर्यादेत कुठेही असली, तरी असे केल्यावर स्लीव्ह ३५.००० ते ३५.०२५ च्या आतच येते. नुसत्या शून्यावर समाधान मानले, तर मात्र स्लीव्ह लहान राहण्याचा धोका असतो.

गोल दिसते ते गोल असेलच असे नाही

दोन बिंदूंवर टेकणारी सगळी हत्यारे एका ठिकाणी फसतात. पातळ स्लीव्ह तीन जबड्यांच्या चकमध्ये कसून आवळली, तर ती तीन जागी दबते. त्या दबलेल्या अवस्थेत आतून अगदी गोल बोअर होते आणि चक सैल केला, की स्लीव्ह आपल्या मूळ आकाराकडे उसळते. बोअर तीन कोनांचे होऊन बसते. आता दोन टोकांच्या गेजने कुठूनही मोजा, आकडा जवळपास सारखाच येतो. कारण एका बाजूचा उंचवटा समोरच्या खोलगटाला भेटतो. बेअरिंग मात्र तीन जागी चिमटले जाते. तीन बिंदूंवर टेकणारा आतला मायक्रोमीटर हे पकडतो, पण तो महाग. घरी बेअरिंगच्या रिंगला ब्लूचा पातळ थर देऊन आत सरकवावे; तीनच जागी निळे डाग उठले, तर काय झाले ते कळते. त्यापेक्षा तसे होऊच न देणे बरे. स्लीव्ह आधी कव्हरमध्ये दाबून बसवावी, कव्हर फेस प्लेटवर पट्ट्यांनी बांधावे आणि आतले शेवटचे बोअर त्यानंतर करावे. बांधताना कव्हरचा जो गोल खांदा मोटरच्या बॉडीत बसतो, त्याला डायल लावून तो नीट फिरतो आहे, याची खात्री करून घ्यावी. माप बरोबर पण केंद्र चुकलेले असेल, तर पंप फिरणारच नाही.

उष्णतेचे काय? जगभरातल्या लांबीच्या मापांसाठी २० अंश सेल्सिअस हे तापमान १९३१ साली ठरवले गेले. नागपूरच्या मे महिन्यात ते कुठून आणायचे? सुदैवाने काम पोलादाचे, हत्यारही पोलादाचे आणि दोन्ही एकाच खोलीत तासभर पडलेली असतील, तर दोन्ही सारखीच फुगतात आणि हिशेब जुळतो. घात होतो तो ताज्या कामात. नुकताच कट घेतलेला जॉब हत्यारापेक्षा तीस अंश गरम असेल, तर ३५ मिलिमीटरची पोलादी स्लीव्ह १२ मायक्रॉन मोठी दिसते. स्लीव्ह न घालता थेट ॲल्युमिनियममध्ये बोअर केले असेल, तर २४ मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ सगळी खिडकीच. गरम असताना पास झालेले हाउसिंग थंड झाल्यावर बेअरिंगला आत घेत नाही. चहा प्यायला जाण्यासाठी याहून चांगले निमित्त नाही.

शेवटच्या कटांची रीत अशी. ३४.७० च्या सुमारास थांबून टूलला धार लावून घ्यावी, कारण यापुढे टूल हलवायचे नाही. मग व्यासात एक दशांश वाढेल असा कट द्यावा, जॉब निवू द्यावा, कचरा आणि तेल पुसून मोजावे. बोअरिंगचा दांडा बारीक आणि लांब असतो, तो वाकतो. त्यामुळे डायलवर एक दशांश दिला, तरी प्रत्यक्षात ०.०९ च निघाले, असे होते. दुसरा कट तेवढाच द्यावा आणि पुन्हा मोजावे. दोन्ही वेळा ०.०९ निघाले, तर दांड्याचा स्वभाव कळला. मग तिसऱ्या कटाला राहिलेला हिशेब त्याच प्रमाणात वाढवून द्यावा. पुढे न सरकवता तेच टूल पुन्हा फिरवले, तरी एखादा शतांश निघतो, हेही धरून चालावे. माप पाच-सात मायक्रॉनने कमी पडले, की एमरी पेपर आत घालून घासण्याचा मोह होतो. एमरी तोंडाशी जास्त आणि आत कमी घासते. भोक कर्ण्यासारखे पसरते आणि तोंडाशी घेतलेले माप पास होऊनही आत बेअरिंग अडते. म्हणून माप तोंडाशी, मध्ये आणि तळाशी असे तीन जागी, आणि प्रत्येक जागी काटकोनात दोनदा घ्यावे. सहा आकडे. ते खिडकीच्या आत असतील, तरच कव्हर फेस प्लेटवरून सोडावे. एकदा सोडले, की पुन्हा त्याच जागी बांधणे हे नवे काम होऊन बसते.

बेअरिंग बसवताना कडेचा बारीक कंगोरा आधी काढावा आणि एक थेंब तेल लावावे. जमलेले बेअरिंग अंगठ्यांच्या दाबाने, किंचित कुरकुरत आत जाते. वाकडे अडकले, तर हातोडी न उचलता ते बाहेर काढून पुन्हा सरळ धरावे. दाबायची वेळ आलीच, तर नळीचा तुकडा फक्त बाहेरच्या रिंगवर टेकवून दाबावे. आतल्या रिंगवर दाब दिला, तर तो गोळ्यांमधून बाहेरच्या रिंगेवर जातो, वाटेवर खड्डे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरते.